टेम्पोतून आलेला फ्रिज आणि कॉम्प्रेसरजवळची उघडी नळी

पिंपरीत दीड वर्ष एकाही तक्रारीला जागा न देणारा आमचा १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज नाशिकला आणल्यावर आठवडाभरातच थंड करेनासा झाला. दुरुस्तीनंतर आता सहा-सात महिने तो नीट चालतो आहे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. क्षमता, वीजबचतीचे तारे आणि विजेचा वापर यांची माहिती सर्वत्र मिळते. मला बोलायचे आहे ते त्याच्या पाठीमागच्या उघड्या नळ्यांबद्दल.

सामान उतरले तेव्हा फ्रिज आडवा होता. आडव्या फ्रिजमधील कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत उतरते, त्यामुळे तो रात्रभर उभा ठेवून मगच चालू केला. सुरुवातीला पाणी थंड झाले, नंतर बर्फ फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात धरू लागला आणि शेवटी तोही वितळला. कॉम्प्रेसर मात्र अखंड गुणगुणत होता आणि एरवी कोमट लागणाऱ्या दोन्ही बाजू गार पडल्या होत्या. कॉम्प्रेसर चालतो आहे म्हणजे रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा विद्युत भाग) आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा भाग) यांवर संशय घेण्याचे कारण नाही. एका कोपऱ्यातला बर्फ आणि गार बाजू ही गॅस कमी झाल्याची लक्षणे आहेत. तरीही पहिल्या मेकॅनिकने हात लावण्याआधीच ‘कॉम्प्रेसर गेला’ असे जाहीर केले आणि ते पटत नाही असे दिसताच ‘मग गॅस भरून देतो’ असा स्वस्तातला तोडगा काढला. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार, हे त्याला मी सांगावे लागले.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी बॅटरी घेऊन मागची बाजू पाहिली. टेम्पोत बांधलेला दोर कॉम्प्रेसरच्या कप्प्यातून ओढून घेतला होता आणि त्याच्या ताणाने फिल्टर ड्रायरकडे (गॅसमधले बाष्प आणि कचरा टिपणाऱ्या छोट्या नळकांड्याकडे) जाणारी नळी वाकली होती. तिच्या जोडावर गळतीची खूण असलेला तेलाचा बारीक डाग होता. यात आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील गॅस असल्यामुळे त्याने फ्रिज गॅलरीत नेऊन उरलासुरला गॅस सोडला, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळतीची जागा पक्की केली, जोड ब्रेझिंगने (वितळलेल्या धातूचा सांधा भरून) बुजवला आणि आत बाष्प शिरले असणार म्हणून ड्रायरही बदलला. व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालवल्यानंतर लेबलवर लिहिलेला ३५ ग्रॅम गॅस त्याने काट्यावर मोजून भरला. फ्रिज चालू असताना या गॅसच्या, कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीतला दाब वातावरणाच्या दाबाहूनही कमी असतो, त्यामुळे नुसत्या गेजवर (दाबमापकावर) अंदाज बांधून चालत नाही. एवढ्याशा मापात पाच ग्रॅमची चूकही मोठी ठरते. ज्याच्याकडे काटा नाही त्याला हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

त्या आठवड्यात लिहिले असते तर मी या फ्रिजला पाचपैकी एकच तारा दिला असता. आता तसे म्हणवत नाही, कारण इतके तास जवळजवळ गॅसविना चालूनही कॉम्प्रेसर धडधाकट राहिला आणि भर मे महिन्यातही बर्फ वेळेवर होत होता. परंतु कॉम्प्रेसरच्या कप्प्याला साधी जाळीसुद्धा नसावी, हे मला अजूनही खटकते. दरवाजावर फुलांची नक्षी छापायला उत्पादकाकडे पैसे आहेत आणि ज्या नळीवर सगळे थंडावणे अवलंबून आहे तिच्यापुढे पत्र्याचा एक तुकडा लावायला नाहीत! मी हार्डवेअरच्या दुकानातून जाळी आणून, हवा खेळेल इतके अंतर ठेवून, स्वतः बसवली. तिचा खर्च ड्रायरपेक्षाही कमी आला.

कॉम्प्रेसरची १० वर्षांची हमी इथे कामाची नव्हती, कारण वाहतुकीतील नुकसान हमीत बसत नाही. वाहतूकदाराने ‘सामान उतरवताना सही केली आहे’ म्हणून हात झटकले. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार दावा लावण्यापूर्वी, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, नुकसानीची लेखी नोटीस द्यावी लागते. ती मी वाकलेल्या नळीचे फोटो आणि दुरुस्तीचे बिल जोडून मुदतीत दिली. त्यावर त्यांनी पुढच्या स्थलांतरात सवलत देऊ केली आहे. ती मी नाकारली असून दुरुस्तीची रक्कम रोखीनेच हवी असल्याचे त्यांना पुन्हा लेखी कळवले आहे.