इम्प्लांटशेजारच्या फटीसाठी टेपेचा ब्रश

इम्प्लांटसाठी, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूसाठी, हजारो रुपये मोजायचे आणि बाजूची फट टूथपिकने कोरायची, हा प्रकार सर्रास चालतो. त्याऐवजी स्वीडनच्या टेपे कंपनीचा इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश, घ्यावा. याच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, त्यामुळे टायटॅनियमवर ओरखडे उठत नाहीत. उघड्या तारेचे स्वस्त ब्रश इथे नकोतच.

माप रंगावरून कळतं: लाल ०.५ मिमी, निळा ०.६, पिवळा ०.७, हिरवा ०.८. इम्प्लांटची कॅप (त्यावर बसवलेला कृत्रिम दात) वर रुंद आणि हिरडीपाशी निमुळती असते, म्हणून खऱ्या दातांत नीट बसणारा ब्रश इथे बऱ्याचदा ढिला पडतो. घरात दोन मापं ठेवावी लागतात. केस दोन्हीकडे टेकले पाहिजेत, तार घासता कामा नये. रात्री एकदा, पेस्टशिवाय, गालाकडून चार-पाच वेळा आत-बाहेर करायचं आणि मग जिभेकडूनही. ही दुसरी बाजू हमखास राहते. आत घालून पिळला की तार मुठीपाशी तुटते.

बाहेर काढलेला ब्रश उजेडात बघावा. पांढरट चिकट थर रोजचाच. केसांच्या बुडाशी लाल दिसलं तर लक्ष द्यायचं. खऱ्या दाताभोवती असतं तसं अस्थिबंधन (दाताला हाडाशी जोडणारे तंतू) इम्प्लांटला नसतं, तो थेट हाडाला चिकटलेला असतो. भोवतालचं हाड वाटीसारखं खचत गेलं तरी बरेचदा दुखत नाही. आठवडाभर नीट साफ करूनही रक्त थांबलं नाही, तर एक्स-रे काढून कॅप बसवतानाच्या एक्स-रेशी ताडून बघायला सांगावं.

ब्रशच्या आवाक्याबाहेरचं बरंच आहे. इम्प्लांट बसवताना ड्रिलच्या उष्णतेने हाड मिनिटभर ४७ अंशांवर गेलं तरी त्याला इजा होते आणि इम्प्लांट पहिल्या काही महिन्यांतच सुटू शकतो. सिगारेट आणि आटोक्यात नसलेली रक्तातली साखरही हाड धरू देत नाहीत. कॅप चिकटवताना खाली हिरडीत राहिलेलं सिमेंट डॉक्टरांनीच काढायचं. स्क्रूने बसवलेल्या कॅपला ती भानगडच नाही. मिश्री लावणाऱ्यांनी ब्रशवर भिस्त ठेवू नये.

संपूर्ण जबड्याच्या ब्रिजखाली (इम्प्लांटवर बसवलेल्या सलग दातांच्या ओळीखाली) हा सरळ ब्रश पोचत नाही, तिथे टेपेचाच लांब दांडीचा ‘अँगल’ ब्रश घ्यावा. फ्लॉस जपून वापरावा, कारण इम्प्लांटच्या स्क्रूचे आटे उघडे पडले असतील तर त्याचे तंतू अडकून राहतात. पाचपैकी चार गुण. एक कापला तो गुलाबी-नारिंगी मापांसाठी, त्यांची तार फारच लवकर वाकते.