मिनिमलिस्ट समुद्रचित्राला चौरस चौकट द्यावी की लांब पट्टी?

जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी गाठायचे, सूर्यास्ताच्या तासाभरात मिळेल ते टिपायचे आणि क्रॉप कसा करायचा, म्हणजे चित्र कुठे कापायचे, हे घरी संगणकापुढे ठरवायचे, असाच नाशिकच्या बहुतेक हौशी छायाचित्रकारांचा क्रम असतो. मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्याच घटकांच्या, चित्रात एखादा खांब, थोडे पाणी आणि आकाश एवढेच असल्यामुळे कुठेही कापले तरी चालेल असे वाटते. प्रत्यक्षात घटक जितके कमी, तितके प्रत्येक कडेचे अंतर डोळ्यांत भरते.

प्रथम आकड्यांचा हिशेब पाहू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची ३:२ (रुंदी : उंची) प्रतिमा ६००० × ४००० पिक्सेलची असते. तिच्यातून पूर्ण उंचीचा चौरस काढल्यास १६ मेगापिक्सेल उरतात आणि ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२ × १२ इंची प्रिंट सहज निघते. ३:१ पट्टी काढल्यास मात्र ६००० × २००० पिक्सेलच राहतात, म्हणजे निम्मे चित्र जाते. क्षितिज तिरके आले असेल तर ते सरळ करताना कडा आणखी कापल्या जातात. मोकळ्या चित्रात अर्ध्या अंशाचा कलही लपत नाही, त्यामुळे ही कपात टाळता येत नाही.

विषय एकच असेल, तर माझा कौल चौरसाला आहे. ३:२ मध्ये एकटा खांब डावी-उजवीकडे सरकवून तोल साधावा लागतो. चौरसात तो मध्यावर ठेवला तरी चित्र जड होत नाही, आणि ब्रिटिश छायाचित्रकार मायकेल केन्ना यांची चौरस छायाचित्रे पाहिली की इतक्या कमी ऐवजावर चौकट कशी उभी राहते हे कळते. क्षितिज मध्यावर नको हा क्लबांमध्ये ऐकवला जाणारा नियमही इथे फार मनावर घेऊ नये. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९८०पासून टिपलेल्या समुद्रचित्रांत क्षितिज बरोबर मध्यावर आहे, आणि त्यांच्या चौकटी चौरस नाहीत.

पट्टीचे बळ वेगळे आहे. खांबांची रांग, दूरवर विखुरलेल्या दोन-तीन होड्या, ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूच्या आडव्या रेषा अशा ठिकाणी डोळ्याला एका कडेकडून दुसरीकडे जाता येते. एकट्या खांबाला तीच पट्टी दिली, तर बाजूची जागा शांत न वाटता नुसती उरलेली वाटते. शिवाय पट्टीत आकाश थोडे राहते. दीर्घ एक्स्पोजरने मिळवलेली ढगांची मऊ छटाच कापायची असेल, तर प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावून एक तीसांश सेकंदाचे चौतीस सेकंद करण्यात फारसा अर्थ राहत नाही.

क्रॉपने काय सुधारत नाही, हे निवडीआधीच जाणून घ्यावे. किनाऱ्यावर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसते, त्यामुळे जवळपास त्याच पातळीवर रोवलेला, कॅमेऱ्याहून उंच खांब क्षितिज छेदतो आणि ठेंगणा खांब त्याखाली राहतो. दोघांची उंची सारखी झाली की खांबाचे टोक क्षितिजाला चिकटते, आणि मग चौरस, पट्टी, काहीही कापा, तो सांधा तसाच खुपतो. ट्रायपॉड वीतभर वर किंवा खाली घेणे हाच त्यावर उपाय आहे आणि तो किनाऱ्यावरच करावा लागतो. म्हणून टिपताना ३:२ मध्ये चहूकडे सैल जागा ठेवावी. तीन आकारांपैकी ३:२ची माझ्या लेखी खरी उपयुक्तता एवढीच. १२ × १८ इंची तयार फ्रेम हाताशी असेल, तर मात्र तोच आकार ठेवणे सोयीचे.

प्रिंटच्या बाबतीत पट्टीही गैरसोयीची नाही, कारण लग्नाच्या अल्बममुळे १२ × ३६ हा आकार लॅबवाल्यांच्या रोजच्या सरावाचा आहे. वर हिशेब केलेल्या ६००० × २००० पिक्सेलच्या पट्टीला त्यात साधारण १६७ डीपीआय मिळतात, आणि भिंतीवरच्या, चार पावलांवरून पाहायच्या चित्राला तेवढे पुरतात. अल्बमच्या चकचकीत कागदाऐवजी मॅट कागद मात्र आवर्जून मागावा.

सराव गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला करणार असाल, तर तिथे समुद्रासारखे स्वच्छ क्षितिज नसून पलीकडचा काठ आणि डोंगर असतात. ते धुक्याने पुसले असतील तर चौरस, आणि दिसत असतील तर काठाची रेघ घेऊन जाणारी पट्टी निवडावी.