नव्याण्णव रुपयांची चामखीळ

एकूण ४९,४५८ रुपये ८२ पैसे. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. आणि एवढे पैसे कशाचे, तर मानेवरच्या चामखिळींचे. माझ्या आत्याच्या काळी घोड्याच्या शेपटीचा केस बांधून त्या फुकटात पाडायचे. (तसं करू नका, पिकतं. पण त्यात निदान ईएमआय नव्हता.)

"या वयात कशाला हवा नट्टापट्टा" असं म्हणणाऱ्यांसाठी: मंगळसूत्र अडकून रक्त येत होतं. केस विंचरताना, कुर्ता काढताना, रात्री कूस बदलताना. छातीवर, गळ्याच्या जरा खाली एक काळपट, खरखरीत मसही होता. तो गेल्या काही महिन्यांत वाढल्यासारखा वाटत होता. हे सगळं मी त्या लेझर क्लिनिकमध्ये पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाहिरात मोबाईलवर आली. चामखीळ, तीळ, मस लेझरने कायमचे गायब, ९९ रुपयांपासून, दुखणार नाही, डाग राहणार नाही, एकाच बैठकीत. अशा जाहिरातीतलं 'पासून' मला कळत नाही असं नाही. ९९ चे दोन-अडीच हजार होणार हे धरूनच गेले होते. मी काही दुधखुळी नाही, पतपेढीत हिशेब लिहिण्यात हयात गेली आहे.

क्लिनिक चकाचक. भिंतीवर कुणा डॉक्टरांचा फोटो, दाराला लेझरची खूण असलेला पिवळा त्रिकोण. डॉक्टर मात्र 'दुसऱ्या ब्रँचला'. एप्रन घातलेल्या काउन्सेलर मुलीने मला आरशासमोर बसवलं आणि पांढऱ्या पेन्सिलीने मानेवर खुणा करायला सुरुवात केली. मोजणी ६४ वर थांबली. मला स्वतःला कधी विसाच्या वर सापडल्या नव्हत्या, पण मानेची मागची बाजू कुणाला दिसते? तिने मोबाईलवर फोटो काढून दाखवला. पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली ती मान बघून कुणालाही किळस आली असती. तोच उद्देश होता. ९९ चा भाव 'मायक्रो'साठी, म्हणाली. माझ्या ५५ 'मीडियम', प्रत्येकी ५००. नऊ 'लार्ज', प्रत्येकी १,०००. डॉक्टरांचे २,०००. झाले ३८,५००. वर १८ टक्के जीएसटी, ६,९३०. बेरीज ४५,४३०.

मी उठले होते. खरंच उठले होते. मग 'मॅडम'ची 'ताई' झाली, पाणी आलं, आणि "ताई, आज ९,४३० भरा, बाकी ३६,००० सहा हप्त्यांत, व्याज शून्य" सुरू झालं. अपॉइंटमेंट कन्फर्म करायला म्हणून ओटीपी मागितला. तो ओटीपी कर्जाच्या करारावरची माझी सही होती. मेसेजमध्ये तसं लिहिलेलंही होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि मोबाईल तिच्या हातात होता. शून्य व्याजाच्या कर्जाची प्रोसेसिंग फी ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे १,१७८ रुपये ८२ पैसे. ओटीपी वाचायला तरी मोबाईल दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

आता आतल्या खोलीबद्दल. ती खोली मला अजून झोपू देत नाही.

मानेला भूल देणारं क्रीम लावलं आणि जेमतेम दहा मिनिटांत पुसलं. ते क्रीम नीट चढायला तासभर तरी लागतो. पाठीखाली एक थंड, सपाट पट्टी सरकवली. मग दुसऱ्याच एका मुलीने पेनसारखी दांडी हातात घेतली, पायाने पेडल दाबलं आणि दांडीचं टोक माझ्या कातडीला टेकवलं. चट् चट् आवाज, जळक्या केसांसारखा वास. समोर दारावर तोच पिवळा त्रिकोण, डोळ्यांचं संरक्षण करा असं सांगणारा. आणि त्या खोलीत चष्मा कुणाच्याही डोळ्यांवर नव्हता. तिच्या नाही, मदतनिसाच्या नाही, माझ्या नाही.

मी तो त्रिकोण वाचत पडले होते. अक्षरशः वाचत. "लेझर चालू असताना" एवढा मजकूर मला पाठ झाला. आणि तोंडातून शब्द फुटला नाही, कारण गळ्याशी जळतं टोक असताना हलू नका असं बजावलेलं असतं आणि माणूस हलत नाही. ज्यांना "मी असते तर तिथेच विचारलं असतं" असं वाटतं, त्यांनी एकदा मान मागे करून पडून बघावं.

नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं त्यावरून एवढं कळलं. चामखीळ जाळायला वापरतात ते कार्बन डायऑक्साइड लेझर १०,६०० नॅनोमीटरचं. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नेम धरायला सोबत लाल ठिपका असतो. पेशींतलं पाणी तो किरण शोषून घेतं आणि ऊती वाफ होऊन उडते. टोक कातडीला टेकवावं लागत नाही. पाठीखाली पट्टी लागत नाही. खोलीतल्या प्रत्येकाला चष्मा मात्र लागतोच. माझ्यावर जे चाललं ते रेडिओफ्रिक्वेन्सी कॉटरी होतं, म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळणं. साधं मशीन, बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांकडे असतं, आणि गंमत म्हणजे चामखिळींना तेच पुरतं. म्हणजे उपचाराची पद्धत चुकीची नव्हती. भाव लेझरचा, मशीन कॉटरीचं, हात टेक्निशियनचा आणि मोजणी पेन्सिलीची, असा तो सौदा होता.

जाता जाता: हे कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये बनवलं ते कुमार पटेल यांनी. बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. त्यांच्या नावाने आपल्याकडे काय काय खपतं बघा.

घरी निघताना २,८५० रुपयांचं 'किट' गळ्यात मारलं. त्यातल्या एका डबीवर ना नाव, ना तारीख. विना-लेबलची डबी सरळ परत करा, त्यात स्टेरॉईड असेल तरी तुम्हाला कळणार नाही. खपल्या पडल्या आणि प्रत्येक ठिकाणी काळा डाग राहिला. जिथे काहीच नव्हतं, नुसता ठिपका होता, तिथेही. आपल्या सावळ्या कातडीला भाजलं की असं होतं, हे त्यांना माहीत नसेल असं मी मानत नाही. छातीवरची जखम तर फुगून गुलाबी, खाजणारी गाठ झाली. केलॉइड. छाती, खांदे, कानाची पाळी इथे तो लवकर होतो, म्हणून आधी विचारायचं असतं की टाके किंवा कान टोचल्याचे व्रण कधी फुगलेत का. मला विचारलं असतं तर कान दाखवला असता.

छातीवरची ती जागा त्या काळपट मसाची होती. त्या त्वचारोगतज्ज्ञांनी विचारलं, "तपासायला तुकडा पाठवला होता?" तो कधीच जळून धूर झाला होता. आकार किंवा रंग बदलणारा मस आधी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने बघतात. शंका वाटली तर जाळत नाहीत, कापून पॅथॉलॉजीकडे पाठवतात. राखेची बायोप्सी होत नाही. माझ्या वर्णनावरून तो साधा वयोमानाचा मस असावा, असं त्या म्हणाल्या. असावा. वाढतोय असं मी पहिल्याच भेटीत सांगूनही हा 'असावा' आता मला आयुष्यभर पुरणार आहे. त्यांनी लगेच एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायला लावली, कारण मानेवर चामखिळी वाढल्या की साखर बघायची असते. ६.१ आली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ४५,४३० च्या पॅकेजमध्ये हे विचारणारं कुणी नव्हतं. या त्वचारोगतज्ज्ञांकडे सगळं काम सहा-सात हजारांत झालं असतं.

मग दारं ठोठावली.

चौकीत: "ताई, सही तुमची, पैसे तुम्ही दिले, काम त्यांनी केलं. फसवणूक कुठं झाली? हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, मशीन लेझरचं नव्हतं. "ते तुम्हाला काय कळतं? तुम्ही डॉक्टर आहात का?" नाही, आणि ती मुलगीही नव्हती, तेच सांगायला आलेय. त्यावर चहा आला, त्यांच्यासाठी.

पालिकेच्या आरोग्य विभागात: "खाटा आहेत का तिथे?" शुश्रूषागृहांचा कायदा १९४९ चा, नोंदणी खाटा असलेल्या ठिकाणांची. खाट नाही, म्हणजे आमचं नाही. बोगस डॉक्टर शोधायची समिती असते ना? असते, पण त्या मुलीने स्वतःला डॉक्टर म्हटल्याचं लेखी आणा. लेखी! दुकान नोंदणीच्या खिडकीवर सांगितलं, आम्ही फक्त नोंद करतो, आत काय चालतं ते बघत नाही. कर्जाच्या कंपनीत दर वेळी नवा माणूस आणि तेच वाक्य: सेवेबद्दल मर्चंटशी, म्हणजे क्लिनिकशी बोला. मर्चंट फोन उचलत नाही. विकताना तो 'उपचार' होता. मी सही केलेल्या फॉर्मवर 'सौंदर्यसेवा' लिहिलंय. आरोग्यवाल्यांना ते क्लिनिक पार्लर वाटतं, पोलिसांना दवाखाना. दोन्हींच्या मधल्या फटीत माणूस बिनधास्त धंदा करतो, आणि त्या फटीत बघायला कुणाला पगार मिळत नाही. आपण मात्र अर्जाच्या तीन प्रती, आधारची झेरॉक्स आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकून परत.

एकाच ठिकाणी कुणीतरी पेन उचललं, ते म्हणजे जीएसटीचं कार्यालय. बिलावर १८ टक्के कर लावलेला, पण पंधरा अक्षरी जीएसटी नंबर नाहीच. आजारावरच्या वैद्यकीय उपचाराला जीएसटी नसतो, निव्वळ कॉस्मेटिक कामाला असतो. पण नंबरच नसताना ६,९३० गेले कुठे? माझी मान जळली त्याचं कुणाला काही नव्हतं, सरकारचे पैसे बुडाले म्हटल्यावर खुर्ची पुढे सरकली. तुमच्या बिलावर नंबर आहे का बघा. महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. 'आम्ही त्यात येत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हप्ता रागाने थांबवू नका, बाऊन्स झाला की दंड आणि सिबिल तुमचंच. निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवायचा अंतरिम आदेश आयोगाकडे मागा, मी मागितलाय. उपचार करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पडताळा. त्वचेची एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी-पदविका आहे का बघा. 'एस्थेटिक एक्स्पर्ट' कुणीही होतं. मशीनचा फोटो काढू देत नसतील तर उठा, पेन्सिलीच्या खुणांसकट उठा.

तक्रारीची नोटीस पोहोचल्यावर त्याच काउन्सेलरचा फोन आला. डागांसाठी खास पॅकेज आहे, माझ्यासाठी निम्म्या किमतीत, १४,५०० रुपये. "ताई, या वेळी मशीन खरंच लेझरचं आहे," म्हणाली. कॉल रेकॉर्ड झालाय, तक्रारीला जोडलाय.