खाली बसवलेली ५ सिरीज आणि मुंबईचे रस्ते: १८, १९ की २० इंच?

लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग) बसवले की पहिल्याच आठवड्यात डोळ्यांना १८ इंची रिम लहान दिसायला लागते. माझंही तेच झालं होतं. बीएमडब्ल्यू ५ सिरीजची जी३० पिढी आपल्याकडे २०१७ साली आली. माझ्या ओळखीतल्या तिघांनी ती सेकंडहँड घेतली आणि तिघांनी मला गाडी खाली केल्यावर रिम १८, १९ की २० इंची घ्यावी हाच प्रश्न विचारला, म्हणून उत्तर एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. गाडी ३० मिलिमीटर खाली आली म्हणजे चाकाला वर जायला तेवढी जागा कमी उरली. खड्डा आला की स्प्रिंग लवकर संपते, बंप स्टॉप (स्प्रिंगचा प्रवास अडवणारा रबरी ठोकळा) लागतो आणि उरलेला धक्का टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या रबरी भिंतीला, घ्यावा लागतो. म्हणजे गाडी खाली केल्यावर साइडवॉलचं काम वाढतं, आणि नेमकं तेव्हाच आपण मोठी रिम घालून ती साइडवॉल कमी करायला निघतो. माझा सगळा निवाडा या एका मुद्द्यावर उभा आहे.

आता मापं. २४५/४५ आर १८ म्हणजे टायर २४५ मिलिमीटर रुंद, साइडवॉल रुंदीच्या ४५ टक्के आणि रिम १८ इंची. २४५/४५ आर १८ मध्ये साइडवॉल ११० मिलिमीटर, टायरची एकूण उंची ६७८. २४५/४० आर १९ मध्ये साइडवॉल ९८, उंची ६७९. २४५/३५ आर २० मध्ये साइडवॉल ८६, उंची ६८०. एकूण उंची जवळपास तीच राहते, त्यामुळे मोठी रिम घातल्याने गाडी वरही येत नाही आणि खालीही जात नाही. रबर मात्र १८ वरून २० ला जाताना २४ मिलिमीटरने घटतं.

२० इंचाबद्दल फार लिहीत नाही. पाठीमागे २७५/३० घातला तर साइडवॉल ८२ च्या आसपास उरते. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये एवढंच रबर. गाडी खाली केलेली नसेल आणि कुलाब्यापासून वरळीपर्यंतच फिरायची असेल तर तुमची मर्जी. खाली केलेल्या गाडीला नको.

खरी तुलना १८ आणि १९ मध्येच आहे. १९ चा फायदा खोटा नाही. अटल सेतूवर, २१.८ किलोमीटरच्या त्या सपाट पट्ट्यात, स्टिअरिंगचा प्रतिसाद १८ पेक्षा स्पष्टपणे नेमका लागतो. मी १९ वर एक पूर्ण वर्ष चालवलं, पुढे २४५/४० आणि मागे २७५/३५. जुलैमधल्या एका रात्री पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. पुढच्या डाव्या टायरला आतल्या बाजूने फुगा आला होता. बाहेरून काहीच कळत नव्हतं. स्टिअरिंग थरथरतंय म्हणून गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा सापडला. रिमही वाकली होती. तशाच टायरवर मी आठवडाभर बायकोमुलांना घेऊन फिरलो होतो, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

पुढे-मागे वेगळ्या मापाच्या टायरांची आणखी एक अडचण असते. गाडी खाली बसली की मागच्या चाकांचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) वाढतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो. चारही टायर २४५ असतील तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून झीज वाटून घेता येते. मागे २७५ असेल तर तो मार्गच बंद. शिवाय रुंद टायरखालून पाणी बाजूला सारायला वेळ लागतो. पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर साचलेल्या पाण्यात मागची बाजू हलकी वाटते, ती याचमुळे. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायदेशीर मर्यादा असली तरी मी ३ मिलिमीटरला टायर बदलतो.

काही दुकानांत तिसरा सल्ला मिळतो: ‘फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासतंय ना, मग २४५/४० आर १८ टाका.’ तो घेऊ नका. त्या टायरची उंची ६५३ मिलिमीटर भरते, म्हणजे गाडी आणखी १२ मिलिमीटर खाली जाते. घासणं थांबेल, पण सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर पोट टेकेल. स्पीडोमीटरही आधीपेक्षा साडेतीन-पावणेचार टक्के जास्त दाखवेल. घासत असेल तर आधी रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप, तपासा. बऱ्याचदा दोष टायरच्या मापात नसतो, रिम बाहेर निघालेली असते.

साइडवॉलवर लिहिलेला लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो याचा आकडा, तोही वाचा. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, १०० म्हणजे ८००. २४५/४५ आर १८ मध्ये एक्सएल (जास्त भार पेलणाऱ्या) प्रकाराचा १०० मिळतो. २४५/३५ आर २० मध्ये एक्सएल घेऊनही ९५, म्हणजे ६९० किलोच. पाच माणसं आणि डिकीत गणपतीला गावी न्यायचं सामान असेल, तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरबद्दल माझं मत ठाम आहे. कडक स्प्रिंगवर त्याची कडक साइडवॉल घातली की गाडी काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर आपटते. मी साधे टायर घेतले आणि डिकीत स्टेपनी, हवेचा पंप ठेवला. ज्यांना रात्री एकट्याने लांब जावं लागतं त्यांनी मात्र रनफ्लॅटच ठेवावेत. हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालवता येतं, आणि ती सोय मोठी आहे.

तेव्हा मुंबईत रोज चालवायची, खाली केलेली ५ सिरीज असेल तर चारही चाकांना २४५/४५ आर १८, एक्सएल. आठवड्यातून एकदाच बाहेर काढत असाल आणि तुमचा रोजचा रस्ता चांगला असेल तर चारही चाकांना २४५/४० आर १९ चालेल, मागे २७५ न घालता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याच्या अटी दोन्ही वाचून घ्या. गाडीत केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो.

पैसे देण्याआधी एक चाचणी दुकानातच करा. टायर बसवल्यावर मागच्या सीटवर तीन माणसं बसवा, फेंडर लायनरवर (चाकाच्या वरच्या आतल्या अस्तरावर) खडूची जाड रेघ ओढा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी एखाद्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये चढवा. रेघ पुसली गेली असेल तर ऑफसेट किंवा उंची बदलल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका. नाही पुसली तर त्याच दिवशी अलाइनमेंट करा आणि कॅम्बरचे आकडे छापून घ्या.