बारावीनंतर थेट प्रो की आधी कॉलेज? जीटर आणि जजकडे बघून ठरवा

न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया, कुठेही असा, घरातलं पोरगं खरंच चांगलं बेसबॉल खेळत असेल तर हायस्कूल संपता संपता हा प्रश्न येतोच, ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या टीम राऊंडमागून राऊंड नवे खेळाडू निवडतात त्यात, एखाद्या टीमने घेतलं तर करारावर सही करायची की आधी कॉलेजला जायचं. आणि नियम असा आहे की चार वर्षांच्या कॉलेजात एकदा गेलं की साधारण तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षांचं होईपर्यंत परत ड्राफ्टमध्ये येता येत नाही, त्यामुळे विचार आधीच करावा लागतो.

यासाठी मेजर लीगमधल्या न्यूयॉर्क यँकीजचे दोन कॅप्टन शेजारी शेजारी ठेवून बघा, डेरेक जीटर आणि आरन जज.

जीटर मिशिगनमधल्या कॅलमझूचा, १९९२ च्या ड्राफ्टमध्ये सहावा नंबर, मिशिगन युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप सोडून १८ व्या वर्षी सही केली. लोकांना पुढचं सगळं माहीत असतं, ३४६५ हिट, पाच वर्ल्ड सिरीज, हॉल ऑफ फेमला ३९७ पैकी ३९६ मतं, पण पहिला उन्हाळा कुणी सांगत नाही. फ्लोरिडातल्या रुकी लीगमध्ये, म्हणजे मेजरखालच्या मायनर लीगच्या तळाच्या पातळीला, सरासरी .२०२ (दहा संधींत जेमतेम दोन हिट), रोज रात्री घरी फोन आणि फोनवर रडणं, इतकी घरची आठवण यायची. पुढच्या वर्षी ग्रीन्सबरोच्या मायनर टीममध्ये शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली फिल्डिंगची जागा) त्याने ५६ एरर केले, छप्पन्न! बॅट चालत होती म्हणा, पण पोराला रोज मैदानात उभं राहून सगळ्यांसमोर बॉल सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच उभं राहायचं, हे १९ व्या वर्षी सोपं नाही. त्याच टीममध्ये पिचर मारियानो रिवेरा होता, कोपराच्या ऑपरेशननंतर परतत होता, मोजकेच पिच, म्हणजे बॉल, टाकायची परवानगी, आणि जीटर शॉर्टस्टॉपवरून त्याचे पिच मोजायचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. स्वतःची फिल्डिंग नीट होत नसताना सोबतच्याची काळजी करणारा पोरगा तिथे टिकतो. २० व्या वर्षी, मे १९९५ मध्ये, तो मेजर लीगमध्ये होता.

जजला २०१० मध्ये ओकलंडच्या टीमने ३१ व्या राऊंडमध्ये घेतलं होतं, त्याने सही केली नाही. आईवडील दोघं शिक्षक, घरात शिक्षणाला मान, तो फ्रेस्नो स्टेट युनिव्हर्सिटीला गेला. तिथल्या टीममध्ये पद्धत होती की बोलताना ‘मी, मला, माझं’ म्हटलं की डॉलरभर दंड, आजही तो मुलाखतीत स्वतःचे होमरन सोडून टीमबद्दल बोलतो ते तिथलंच वळण. २०१३ ला यँकीजनी पहिल्याच राऊंडमध्ये घेतलं, ३२ वा नंबर. तरी रस्ता सरळ नव्हताच, सुरुवातीलाच मांडीचा स्नायू फाटला आणि तो सीझन गेला, मेजर लीगला पोचेपर्यंत वय २४. ऑगस्ट २०१६ ला पहिल्याच बॅटिंगला होमरन, आणि मग ८४ संधींत ४२ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद), सरासरी .१७९. तो आकडा त्याने फोनमध्ये लिहून ठेवला, रोज दिसावा म्हणून. पुढच्या वर्षी ५२ होमरन, २०२२ ला ६२, वर्षं चार उशिरा पण माणूस तयार होऊन आला.

म्हणजे आपटले दोघंही. फरक एवढाच की एक १८ व्या वर्षी अनोळखी गावात आपटला आणि दुसरा २४ व्या वर्षी, तीन वर्षं कॉलेजात आणि मग मायनरमध्ये टक्केटोणपे खाऊन. तुमचा मुलगा कुठे सावरेल ते बघा, टॅलेंट नंतर. मायनर लीगमध्ये बाजूला बसलेला प्रत्येकजण आपापल्या शाळेचा हिरो असतो, तो तुमचा दोस्तही असतो आणि त्याच एका जागेसाठी तुमच्याशी स्पर्धाही करतो, कॉलेजात निदान काही वर्षं सगळे एकाच कपसाठी खेळतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २०२३ च्या करारानंतर मायनरचा पगार सुधारलाय, तरी त्या वर्षी सगळ्यात खालच्या पातळीला वर्षाला १९,८०० डॉलर आणि ट्रिपल ए ला, म्हणजे मायनरच्या सगळ्यात वरच्या पातळीला, ३५,८०० हा किमान आकडा ठरला, यावर घर चालत नाही. खरा पैसा सही करतानाच्या बोनसमध्ये, आणि तो वरच्या राऊंडमध्येच मोठा असतो. ड्राफ्ट आता फक्त २० राऊंडचा, जजसारखा ३१ वा राऊंड उरलेलाच नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या एकदोन राऊंडचा बोनस असेल आणि मुलगा घरापासून लांब राहून वाईट दिवस काढू शकत असेल तरच सही, नाहीतर कॉलेज, बिनधास्त. अधलंमधलं हवं असेल तर दोन वर्षांचं ज्युनिअर कॉलेज (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे) बघा, तिथून दरवर्षी ड्राफ्टमध्ये येता येतं. आणि सही करणारच असाल तर पुढच्या शिक्षणाचा खर्च टीम देईल हे करारात आधीच लिहून घ्या, खेळ सुटल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केलं नाही तर ते पैसे हातचे जातात, त्यामुळे ती तारीख आईवडिलांनीच लक्षात ठेवायची.