नेपाळ, बाली, थायलंड की सिंगापूर? नागपूरहून निघण्याआधी विमानाच्या सुरक्षिततेची तुलना

दिवाळीत किंवा उन्हाळ्यात परदेशवारी ठरली की नागपुरातल्या घरांमध्ये आधी पॅकेजचा आकडा बघितला जातो, मग व्हिसा, मग जेवणाची सोय. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जीव गेले, आणि तेव्हापासून आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला: विमान कोणतं आहे? प्रश्न रास्त आहे. पण ‘जुनं विमान नको’, ‘स्वस्तातली कंपनी नको’, ‘बोइंग नको’ अशी जी उत्तरं कानावर येतात, त्यांतल्या एकावरही तिकीट काढण्याचा निर्णय घेता येत नाही.

आशियात जायचं म्हटलं की आपल्याकडच्या यादीत साधारण हेच देश असतात: नेपाळ, थायलंड, बाली, व्हिएतनाम, मलेशिया, सिंगापूर आणि खर्च झेपत असेल तर जपान. मी त्यांना एकच कसोटी लावते. विमानात बिघाड नोंदला गेला की तो मुळापासून दुरुस्त होतो का, आणि होतोय की नाही हे बघणारी सरकारी यंत्रणा जागी आहे का?

कोण कोणाला तपासतं

संयुक्त राष्ट्रांची आयकाओ ही संस्था देशाच्या विमान वाहतूक यंत्रणेचं ऑडिट करते. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए देशांना पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीत टाकते. दुसऱ्या श्रेणीतल्या देशाच्या कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणं सुरू करता येत नाहीत. युरोपीय संघ २००६ पासून बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करतो. या तिन्हींमध्ये मुख्यतः देशाच्या देखरेखीची परीक्षा होते. कंपनीची परीक्षा म्हणजे आयाटाचं, विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं, आयोसा हे सुरक्षा ऑडिट. ते ठरावीक काळाने पुन्हा करावं लागतं आणि कोणाकडे आहे ते आयाटाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं.

प्रत्यक्ष दुरुस्तीचं काम कसं चालतं हे नागपूरकराला समजणं तसं सोपं आहे, कारण ते आपल्या दाराशीच चालतं. मिहानमधला मोठा हँगर बोइंगने एअर इंडियासाठी उभारून दिला आणि २०१५ मध्ये सुरू झाला. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली, पण तिच्या विमानांची देखभाल करणारी एआयईएसएल ही कंपनी सरकारकडेच राहिली. शेजारीच इंडामर या खासगी कंपनीचं दुरुस्ती केंद्र आहे. वैमानिक उड्डाणानंतर टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग म्हणजे बिघाड लिहितो. लायसन्सधारी इंजिनिअर तो दुरुस्त करतो, किंवा नियमात बसत असेल तर ठरावीक मुदतीसाठी पुढे ढकलतो, आणि सही करून विमान सोडतो. साधारण दीड-दोन वर्षांनी सी-चेक ही मोठी तपासणी होते. त्याहून मोठ्या तपासणीत आतली आसनं, पॅनेल काढून सांगाड्यातल्या भेगा शोधतात. ही साखळी पाळली गेली तर वीस वर्षांचं विमानही ठणठणीत असतं. ओळखीत कुणी या लायनीत असेल तर त्याला विचारून बघा, सगळ्यात धोक्याचं काय? ‘रिपीट स्नॅग’, म्हणजे तोच बिघाड पुन्हा पुन्हा लिहिला जाणं, असंच उत्तर येईल.

बाली: इंडोनेशियाचा धडा

रिपीट स्नॅग काय करतो ते इंडोनेशियाएवढं कुठेच उघड दिसलेलं नाही. २८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं एअरबस ए३२० जावा समुद्रात पडलं, १६२ जण गेले. शेपटीकडच्या रडरची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेतल्या एका सर्किटचा सोल्डर तडकलेला होता. आधीच्या बारा महिन्यांत त्या यंत्रणेचा बिघाड २३ वेळा नोंदला गेला होता. दर वेळी तात्पुरता इलाज झाला, मूळ कारण तसंच राहिलं. त्या दिवशी इशारा पुन्हा पुन्हा वाजू लागला, तो घालवायला सर्किट ब्रेकर ओढला गेला, ऑटोपायलट सुटला आणि पुढे वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. बिघाड छोटा होता आणि त्याला वर्षभर वेळ मिळाला.

२००७ मध्ये इंडोनेशियाच्या सगळ्या कंपन्यांना युरोपने बंद केलं होतं, आणि त्याच वर्षी एफएएनेही देशाला दुसऱ्या श्रेणीत टाकलं. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी ॲडम एअरचं विमान १०२ जणांसह समुद्रात गेलं होतं, आणि त्यातही दिशादर्शक यंत्रणेचे वारंवार येणारे बिघाड होते. मग सुधारणा झाली. २०१६ मध्ये पहिली श्रेणी परत मिळाली, जून २०१८ मध्ये युरोपची बंदी पूर्ण उठली. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं ७३७ मॅक्स पडलं, १८९ जण गेले. मूळ दोष बोइंगच्या रचनेतला होता, हे खरंच. पण आदल्याच दिवशी बालीतल्या देनपसार विमानतळावर त्या विमानाला बसवलेला, हवेच्या प्रवाहाशी विमानाचा कोन मोजणारा सेन्सर वापरलेला होता, फ्लोरिडातल्या वर्कशॉपने चुकीचा जुळवलेला. बसवल्यावर चाचणी झाल्याची नोंद तपासात मिळाली नाही. त्या रात्री बालीहून जकार्ताला जातानाच विमान बिनसलं होतं, आणि ते लॉगमध्ये पुरतं लिहिलं गेलं नाही.

म्हणून बालीबद्दल माझं मत असं: जा, पण भारतातून थेट किंवा सिंगापूरमार्गे चांगल्या कंपनीने जा. तिथे पोहोचल्यावर बेटाबेटांवरच्या उड्या शक्य तितक्या कमी ठेवा.

नेपाळ: सगळ्यात जवळचं, सगळ्यात अवघड

नेपाळच्या सगळ्या कंपन्यांवर डिसेंबर २०१३ पासून युरोपची बंदी आहे. मुख्य आक्षेप साधा आहे: तिथलं नागरी उड्डयन प्राधिकरण विमानतळही चालवतं आणि नियमही तेच राबवतं. एसटी डेपोच्या मॅनेजरनेच आपल्या गाड्यांना फिटनेस सर्टिफिकेट द्यावं, तशातला हा प्रकार. दोन्ही कामं वेगळी करण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे.

१५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात यती एअरलाइन्सचं एटीआर हे प्रोपेलरवालं विमान पडलं, ७२ जण गेले. तिथे यंत्राचा दोष नव्हता. उतरताना फ्लॅप्सच्या, म्हणजे पंखांवरच्या झडपांच्या, दांड्याऐवजी प्रोपेलरचे दांडे ओढले गेले. जुलै २०२४ मध्ये काठमांडूत सौर्य एअरलाइन्सचं विमान उडताक्षणी कोसळलं, १८ जण गेले.

विदर्भातले ज्येष्ठ मुक्तिनाथाच्या दर्शनासाठी पोखरा–जोमसोम विमान धरतात, त्यांना हे नीट सांगायला हवं. मे २०१२ मध्ये या मार्गावरचं अग्नी एअरचं विमान जोमसोमजवळ पडलं, १५ गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तारा एअरचं ट्विन ऑटर हे छोटं विमान, २३ गेले. मे २०२२ मध्ये पुन्हा तारा एअरचंच ट्विन ऑटर, २२ गेले, त्यांत ठाण्याचं एक कुटुंब होतं. अरुंद दरी, दुपारनंतरचा वारा, पाच मिनिटांत दाटणारे ढग. देखभाल उत्तम असली तरी हा मार्ग माफ करत नाही, आणि इथे तर देखरेखच कच्ची आहे. एजंट ‘वीस मिनिटांचा तर प्रवास’ म्हणतो. मी माझ्या घरच्यांना त्या विमानात बसू देणार नाही.

पण रस्ता आपोआप सुरक्षित ठरतो असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत बस कोसळून जळगाव जिल्ह्यातले भाविक गेले, ती जखम महाराष्ट्रात अजून ताजी आहे. त्यामुळे नेपाळला जायचंच असेल तर पावसाळा टाळा. दिल्लीहून काठमांडूपर्यंत भारतीय कंपनीच्या विमानाने, नाहीतर रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सोनौलीमार्गे जा. डोंगरातला प्रवास दिवसाउजेडी, एक मुक्काम वाढवून करा. ज्यांच्याकडे पाचच दिवस आहेत आणि त्यात पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू सगळं बसवायचं आहे, त्यांनी या वर्षी नेपाळ ठरवू नये.

थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम

थायलंडला जून २०१५ मध्ये आयकाओने गंभीर त्रुटींचं लाल निशाण लावलं आणि डिसेंबरमध्ये एफएएने दुसऱ्या श्रेणीत टाकलं. कारण परवाने देण्याची पद्धतच ढिली होती. थायलंडने नवी नियामक संस्था उभी केली, कंपन्यांना पुन्हा परीक्षेला बसवलं, ऑक्टोबर २०१७ मध्ये निशाण निघालं. एफएएची पहिली श्रेणी परत मिळायला मात्र एप्रिल २०२५ उजाडला. एवढा काळ लागला हे मला उलट आश्वासक वाटतं, कारण घाईने शिक्के मारून सुटका झालेली नाही. बँकॉक, फुकेत, क्राबीसाठी थाई एअरवेज किंवा बँकॉक एअरवेज घेताना मला संकोच वाटत नाही.

मलेशियाकडे बारकाईने बघा. २०१९ मध्ये दुसरी श्रेणी, २०२२ मध्ये परत पहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने मलेशिया एअरलाइन्सचा उड्डाण परवाना तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाचा केला. देखभालीतल्या अडचणी हे कारण होतं, आणि त्यामागे कुशल माणसांची टंचाई होती. कंपनीला उड्डाणं कमी करावी लागली. काही जण हे वाचून मलेशिया रद्द करतील. मी करणार नाही. अपघाताची वाट न बघता राष्ट्रीय कंपनीचा कान धरणारा नियामक मला हवा आहे. उड्डाण रद्द होण्याची तयारी मात्र ठेवा, जोडउड्डाणाला मोकळे तास ठेवा.

व्हिएतनामला २०१९ मध्ये पहिली श्रेणी मिळाली. व्हिएतनाम एअरलाइन्सचा शेवटचा जीवघेणा अपघात १९९७ चा. बजेट आणि सुरक्षितता यांचा मेळ बघणाऱ्यांसाठी हा पर्याय मला बालीपेक्षा उजवा वाटतो.

सिंगापूर आणि जपान

सिंगापूर हे आशियातल्या विमान दुरुस्तीच्या सर्वात मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. भारतीय कंपन्यांची विमानंही तिथे जात आली आहेत. इतर काही बोलायची गरज नाही, पैसे जास्त लागतात एवढंच.

जपानची गोष्ट वेगळी, कारण एका विमानाच्या अपघातात सर्वाधिक बळी जाण्याची घटना त्याच देशातली आहे. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं जंबो डोंगरावर आदळलं, ५२० जण गेले. १९७८ मध्ये ओसाकाला त्याची शेपटी घासली होती, आणि मागच्या दाब-भिंतीची दुरुस्ती खुद्द बोइंगच्या पथकाने चुकीची केली होती. सात वर्षं ती दबून राहिली. तैवानच्या चायना एअरलाइन्सच्या जंबोची १९८० मधली शेपटीचीच अपुरी दुरुस्ती तर २००२ मध्ये फुटली, बावीस वर्षांनी, २२५ जणांसह. बड्या नावाने पोट भरत नाही, ते यामुळे. पण जपान एअरलाइन्सने २००६ मध्ये त्या विमानाचे अवशेष मांडून सुरक्षा केंद्र उभारलं, कर्मचाऱ्यांना ते बघायला लावलं. २ जानेवारी २०२४ ला हानेदाला तिचं ए३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं, तेव्हा आतले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. छोट्या विमानातले पाच मात्र वाचले नाहीत.

आणि आपलं घर?

एफएएने जानेवारी २०१४ मध्ये भारतालाही दुसऱ्या श्रेणीत ढकललं होतं, एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या श्रेणीत परत घेतलं. २०२२ च्या आयकाओ ऑडिटमध्ये भारताला सुमारे ८५ टक्के मिळाले, आधी ते सत्तरच्या आसपास होते. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच बंद झाल्याची नोंद आहे. ते का झालं, हे त्यात नाही. तेवढ्यावरून एअर इंडिया टाळा किंवा बिनधास्त घ्या, दोन्ही सांगणं मला पटत नाही. नेपाळची कंपनी की भारतीय कंपनी, अशी निवड असेल तर मी भारतीय घेते.

तुमच्यासाठी कोणतं

सत्तरीतले आई-वडील पहिल्यांदाच निघाले असतील तर सिंगापूर. तरुण जोडप्याला खर्च सांभाळायचा असेल तर व्हिएतनाम किंवा थायलंड. बाली हवंच असेल तर वर सांगितलेल्या अटीवर. नेपाळ फक्त हातात वेळ असलेल्यांसाठी.

पॅकेज घेताना सीताबर्डीतला एजंट असो की ऑनलाइन कंपनी, ॲडव्हान्स देण्याआधी प्रत्येक टप्प्याच्या विमान कंपनीचं नाव लेखी मागा, देशांतर्गत टप्प्यांचंसुद्धा. तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि उडवणारी दुसरीच, असं कोडशेअरमध्ये सर्रास होतं. ‘ऑपरेटेड बाय’ची ओळ वाचा. ते नाव युरोपच्या यादीत आणि आयोसाच्या यादीत टाकून बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ‘कंपनी ऐनवेळी कळवू’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या एजंटकडे जा.