मोटरसायकलमागे ट्रेलर: एक चाक की दोन?

तंबू, दोन स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह, भांडी, पावसाचे कपडे आणि मागे बसणारं माणूस. एवढं घेऊन पंधरा दिवसांच्या प्रवासाला निघालं, की होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या गाडीचेही डबे अपुरे पडतात. जागा पुरली तरी वजनाचं गणित बसत नाही, कारण मागच्या डब्याची मर्यादा सहसा नऊ-दहा किलोच असते. म्हणून अमेरिका-कॅनडात अशा गाड्यांमागे सामानाचा छोटा ट्रेलर जोडतात. तिथे राहणाऱ्या आणि लांब फिरणाऱ्या मराठी मंडळींनाही हा प्रश्न कधी ना कधी पडतो: ट्रेलर एका चाकाचा घ्यावा की दोन चाकांचा?

होंडाच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर जोडू नका असंच लिहिलेलं असतं. हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा जोड, वेगळ्या उत्पादकाची घ्यावी लागते, त्यामुळे विमा कंपनीला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कायदाही देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये गाडी १२५ सीसीच्या वरची हवी, ट्रेलरची रुंदी एक मीटरच्या आत हवी, आणि भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांत जे कमी असेल तेवढंच चालतं. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटरसायकलला ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे लांबच्या प्रवासाला तो जवळजवळ निरुपयोगीच. कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरही ‘मोटार वाहन’ ठरतो. गॅरेजात वेल्डिंग करून घेतलेला ट्रेलर नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही.

चालताना काय फरक पडतो

एकचाकी ट्रेलर गाडीच्या चाकोरीतूनच येतो. तुम्ही खड्डा चुकवला की बहुतेक वेळा तोही चुकवतो. त्याचा सांधा वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळतो, पण पिळत नाही. त्यामुळे गाडी झुकली की ट्रेलरही तेवढाच झुकतो. अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर हे फार सुखाचं असतं.

दोनचाकी ट्रेलरच्या बाबतीत रस्त्यावर तीन चाकोऱ्या उमटतात. खड्डा गाडीची चाकोरी आणि ट्रेलरच्या एका चाकाची चाकोरी यांच्या मधोमध घ्यायची सवय लावली नाही, तर ट्रेलरचं एक चाक त्यात जातंच. शिवाय वळणात गाडी ३० अंशांहून जास्त झुकू शकते आणि मोटारीच्या ट्रेलरचा साधा कपलर (दांड्याच्या टोकाची वाटी) हिचच्या बॉलवर (गोळ्यावर) इतका फिरत नाही. तो अडला की ट्रेलरचं एक चाक उचललं जातं किंवा गाडी सरळ व्हायला बघते. म्हणून दांड्यातच पूर्ण फिरणारा स्विव्हल असलेला ट्रेलर घ्या. स्विव्हल नसलेला स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

थांबल्यावर

खरा निर्णय इथे होतो, आणि विकत घेताना नेमका याचाच विचार राहून जातो. एकचाकी ट्रेलर स्वतःच्या पायावर उभा नसतो. सिग्नलला त्याचा तोलही तुमच्याच पायांवर येतो. उतरत्या रस्त्यावर, खडीवर, मागे माणूस बसलेलं असताना हे जाणवतं. गाडी आडवी झाली तर ट्रेलरही आडवा होतो, आणि तो सोडवल्याशिवाय गाडी उचलणं कठीण. स्विव्हल असलेला दोनचाकी अशा वेळी उभाच राहतो. मुक्कामाला पोचल्यावर दोनचाकी सोडून ठेवता येतो आणि मोकळी गाडी घेऊन गावात जाता येतं. एकचाकी टेकवायला स्टँड किंवा भिंत लागते. रिव्हर्समध्ये दोन्ही तितकेच त्रासदायक: दांडा चटकन काटकोनात येतो. पार्किंग अशीच निवडा की पुढे निघता येईल.

वजन कुठे ठेवायचं

बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मागे वजन जास्त झालं की गाडी उलार होते, पुढे जास्त झालं की धुरजड. दोनचाकी ट्रेलरचं तेच. भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. ट्रेलर ४५ किलो आणि सामान ४० किलो असेल, तर हिचवर साडेआठ ते पावणेतेरा किलो. कपलर हिचच्या उंचीवर राहील असा लाकडी ठोकळा घरच्या वजनकाट्यावर ठेवा, त्यावर कपलर टेकवा, आकडा वाचा आणि ठोकळ्याचं वजन वजा करा. जड वस्तू ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) किंचित पुढे, तळाशी.

उलार ट्रेलर वेग वाढला की शेपटीसारखा डोलू लागतो. तेव्हा ब्रेक दाबू नका, हँडलशी झगडू नका. हळूच थ्रॉटल सोडा आणि वेग उतरू द्या. धुरजड झाला तर मागचं सस्पेन्शन दबतं, पुढचं चाक हलकं होतं.

एकचाकीला हा टक्क्यांचा हिशोब लागू नाही. त्याचं चाक बरंच मागे असल्याने हिचवर मोठा वाटा येतो. उत्पादकाने दिलेला आकडाच पाळायचा. डावी-उजवी बाजूही काटेकोर सारखी हवी, नाहीतर गाडी सतत एका बाजूला ओढते. हिचवरचा भार दोन्ही प्रकारांत गाडीच्या एकूण भारक्षमतेतूनच जातो: चालक, सोबती, डबे आणि हा भार, सगळ्यांची बेरीज करा.

चाकं, वायरिंग, सांधे

आठ इंची रिमचं टायर ताशी १०० किलोमीटरला मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेतं, बारा इंची सुमारे १०००. लहान चाकाचं बेअरिंग लवकर तापतं आणि ते खड्ड्यातही खोल जातं. दोनचाकी घेताना बारा इंचीच बघा. पेट्रोलला थांबलं की हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावा: कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. एकचाकीत ट्रेलरचं शेपूट धरून आडवं हलवा. सांध्यात खुळखुळ असेल तर तीच पुढे वेगात सीटखाली डोलल्यासारखी जाणवते.

नव्या गाड्यांच्या दिव्यांच्या वायरला थेट जोड मारू नका. गाडीचा संगणक दोष दाखवतो. बॅटरीवरून फ्यूज घालून चालणारं आयसोलेटर मॉड्यूल (ट्रेलरचे दिवे गाडीच्या वायरिंगपासून वेगळे ठेवणारं) लावा. अमेरिकी ट्रेलरमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात, त्यामुळे दोन्ही संकेत एका दिव्यात आणणारा कन्व्हर्टरही लागेल. अर्थिंगची वायर स्वतंत्र ओढा. ग्रीस लावलेल्या बॉलच्या भरवशावर दिवे लुकलुकतात. दोन सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून बांधा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यावर आपटत नाही.

एकट्याने फिरणार असाल, सामान ४० किलोंच्या आत असेल आणि रस्ते वळणाचे असतील, तर एकचाकी घ्या. दोघं असाल, तंबूचं सामान असेल, रोज मुक्काम बदलत असेल, तर स्विव्हलचा दोनचाकी. दोन्हींना स्वतःचा ब्रेक बहुधा नसतो, म्हणून पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा आणि वळणाच्या आत नाही, आधीच वेग उतरवा. पहिली चाचणी निम्म्या वजनाने, रिकाम्या रस्त्यावर करा, आणि ८०-१०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे व हिचचे नट पुन्हा आवळा.